चाळीस हजारांचं कर्ज आणि उरणच्या खाडीचं वेळापत्रक

भाऊबीज उरकली, उरलेला फराळ डब्यात भरला आणि त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी मी स्वारगेटहून पनवेलची एसटी पकडली. लोक उरणला समुद्र बघायला जातात. मी निघाले होते कर्ज वाटायला.

आम्ही आठ मैत्रिणींनी पाच-पाच हजार घातले होते. उरणजवळच्या खाडीकाठी पाच कोळणींना प्रत्येकी आठ हजार द्यायचे, ते फिटले की पुढच्या पाचजणींना. बावीस वर्षं बँकेच्या कर्जविभागात काढल्यामुळे नियम अर्थातच मी केले होते, आणि त्यांचा मला भारी अभिमान होता.

पनवेल स्टँडवर सुनंदा उभीच होती. ही माझी शाळेतली मैत्रीण. राहते रोडपालीला, शिकवते उरणच्या शाळेत, आणि मासळी घेता घेता या बायकांशी तिची गट्टी जमली. जाणाऱ्यांसाठी सांगते, पनवेल-उरण बस म्हणायला तासाभराची, पण न्हावा शेव्याचे ट्रेलर आडवे आले की दोन तास धरा. सुट्टे पैसे जवळ ठेवा, नाहीतर कंडक्टर बाकी रक्कम तिकिटामागे लिहून देतो आणि आपण उतरताना विसरतो. माझे वीस रुपये असेच गेले.

बसमध्ये सुनंदाने खरी अडचण सांगितली. मोसम सुरू होताना या बायका व्यापाऱ्याकडून उचल घेतात. ती फिटेपर्यंत सगळी मासळी त्यालाच द्यायची, तो म्हणेल त्या भावाने. पाचहीजणी त्यात अडकलेल्या, आणि प्रत्येकीची उचल आमच्या आठ हजारांत फिटणारी होती. त्यातल्या मंजुळाबाई तर सहा वर्षं.

देवळाच्या मंडपात पाचहीजणी जमल्या होत्या. मी ठसक्यात नियम वाचले. दर शनिवारी चारशे रुपये, वीस आठवडे. दोन हप्ते चुकले तर अख्ख्या गटाचं पुढचं कर्ज बंद. चौघींनी माना डोलावून सह्या केल्या. मंजुळाबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला.

"मना नको," एवढंच म्हणाल्या.

मला राग आला. इतक्या लांबून यायचं आणि जिला सर्वांत जास्त गरज, तिनेच नाक मुरडायचं! रोडपालीला परतेपर्यंत मी सुनंदाशी धड बोलले नाही. सकाळी तिनेच ओढून मला पुन्हा गावात नेलं.

मंजुळाबाई अंगणात जाळं शिवत बसल्या होत्या. दहा वाजले तरी नवरा घरात झोपलेला, होडी काठाला बांधलेली. त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. इतकं चविष्ट की माझा राग निम्मा तिथेच गेला.

"ताजी मासळी नाही आज?" मी विचारलं.

"भांग हाय ना, ताई. पान्याला वढ नाय, जाल्यात काय येनार?"

मग त्यांनीच समजावलं. यांचं डोल जाळं खाडीत खांबांना बांधलेलं असतं, पाण्याच्या ओढीने मासळी आत येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाट्या भरतात. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा चार-पाच दिवस घरात दमडी येत नाही.

"मग त्या चौघींनी सह्या कशा केल्या?"

"तुमी पुन्याशी आल्या, तुमाला नाय कसा बोलाचा? भांगाचा हप्ता त्या व्यापाऱ्याकडशी आनतील."

माझा घास हातातच राहिला. ज्याच्या तावडीतून सोडवायला आले, त्याच्याच दारात त्यांना पाठवायची सोय मी करून ठेवली होती. लाज वाटली, आणि ते मी त्यांना सांगितलंही.

मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं आणि चौघींना बोलावलं. पौर्णिमा आणि अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी हप्ता, आठशे रुपये, दहा वेळा.

"तिसरा नको, चवथा," एक जण म्हणाली. "तवर बाजारात मासली इकून येतू."

चौथा ठरला. जुने कागद फाडले. मंजुळाबाईंनी नवा कागद दोनदा वाचून घेतला आणि सावकाश सही केली. त्याच दुपारी पाचहीजणी पैसे घेऊन व्यापाऱ्याकडे गेल्या आणि उचल फेडून आल्या.

पुण्यात परतल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "तिथीवर हप्ते? बँकेत चालेल का असं?" नसतं चाललं. बावीस वर्षांत किती जणींच्या अर्जावर मी स्वतः नकाराची सही केली असेल, तो विचार मात्र अजून पाठ सोडत नाही. बाकी योजना झकास चालणार याबद्दल मला शंका नाही. कोणाला असं काही करायचं असेल तर बेधडक करा, फक्त नियम गावात जाऊन लिहा.

पौर्णिमेनंतर सुनंदाचा फोन आला. पाचही हप्ते जमा. मंजुळाबाई उरणच्या बाजारात सहा वर्षांत पहिल्यांदाच स्वतःची पाटी घेऊन बसल्या होत्या, आणि सुनंदा मुद्दाम बघायला गेली होती. गिऱ्हाइकाने भाव विचारला, तशा त्या, भाव व्यापारीच सांगणार या सवयीने, मागे वळल्या. मागे कोणीच नव्हतं. मग त्यांनी स्वतःच भाव सांगितला, आणि एक रुपयाही कमी केला नाही.