आठव्या लेव्हलचा टेम्पो

आमच्या ऑफिसात नोकरी मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न हमखास विचारते: खरोखर मोठा व्हिडिओ गेम कशामुळे मोठा होतो? उत्तरं ठरलेली असतात. कोणी ग्राफिक्स म्हणतं, कोणी कथा, कोणी म्हणतं, जो हातातून सोडवत नाही तो. या तिसऱ्या उत्तराचा मला राग येतो. सोडवत तर तंबाखूही नाही. माझं स्वतःचं उत्तर मला कुठल्या कोर्समध्ये मिळालं नाही. ते वडिलांकडून मिळालं, आणि त्यांनी तर जन्मभर व्हिडिओ गेमला 'डबडं' म्हटलं.

वडील खडकीच्या कारखान्यात तपासनीस होते. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग गेजमध्ये घालून बघायचा, हे त्यांचं काम. गेज म्हणजे पोलादी मापाचा तुकडा. भाग त्यात नेमका बसला तर पास, नाही तर नापास. 'जवळजवळ बसतोय' अशी तिसरी जात नाही. पास झालेल्या मालाच्या कागदावर त्यांची सही लागायची, आणि त्या सहीचा त्यांना फार अभिमान होता. आमच्या क्वार्टरमध्ये मामानं टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आणला तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन. हरले की मी हातातलं बटणांचं खोकं आपटायची आणि ओरडायची, "ह्यानं फसवलं!"

वडील पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "त्यानं फसवलं, की तू चुकलीस? आधी ते ठरव."

मला त्यांचा भयंकर राग यायचा. माझ्यात त्यांचाच स्वभाव उतरलेला, जाणार कुठे!

ते निवृत्त झाल्यावर आम्ही कर्वेनगरला राहायला आलो. मी गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले होते, ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिसऱ्या वर्षी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं महिन्याभरात सुधारलं, चालणंही. उजवा हात मात्र मागेच राहिला. घास डाव्या हातानं घ्यायची सवय त्यांनी करून घेतली, तक्रार केली नाही. पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना बँकेत घेऊन गेले तेव्हा सही जमेना. काउंटरवरच्या बाईंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. वडिलांनी अंगठा उमटवला. रिक्षात ते एकच वाक्य बोलले, "पुढच्या वर्षी सही करीन."

म्हणणं सोपं होतं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी दाबायला मऊ रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. "मी काय कुत्रा आहे चेंडू खेळायला?" आई म्हणाली, "कुत्रा निदान ऐकतो तरी." चेंडू ड्रॉवरमध्येच राहिला.

त्या दिवसांत आम्ही एक गेम बनवत होतो. मार्केट यार्डातून टोमॅटोचे बारा क्रेट भरलेला टेम्पो निघतो आणि खड्डे, गतिरोधक चुकवत गावभर माल पोचवतो. अंगठा स्क्रीनवर दाबला की वेग, उचलला की ब्रेक. एक क्रेट जरी पडला तरी ती लेव्हल पहिल्यापासून. आठव्या लेव्हलला एका सोसायटीसमोर लागोपाठ तीन गतिरोधक होते. पुण्यात राहणाऱ्याला त्यात अतिशयोक्ती वाटली नसती.

मी एका रविवारी तो गेम वडिलांच्या फोनवर टाकून दिला आणि म्हटलं, "बाबा, तपासणीला माणूस हवाय. फक्त उजव्या अंगठ्यानं खेळायचं."

"ह्यातून तयार काय होतं?" त्यांनी विचारलं. पण तपासणी हा शब्द त्यांना लागू पडला. जेवणानंतर आरामखुर्चीत बसून ते खेळायला लागले आणि संध्याकाळी मी ऑफिसातून आले की अहवाल द्यायचे. तिसऱ्या लेव्हलला खड्डा दिसतो त्याच्या आधी लागतो. पाचवीत हॉर्नचा आवाज उगाच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आम्ही दुरुस्त केल्या. दोन महिन्यांत ते आठवीपर्यंत आले आणि तिथे अडकले. दुसऱ्या गतिरोधकाला अंगठा वेळेवर उचलला जायचा नाही आणि शेवटचा क्रेट पडायचा. रोज तोच क्रेट. जुलै गेला, ऑगस्ट गेला. ते चिडचिडे झाले, आईवर खेकसायला लागले. मला वाटलं, आता हे फोनही ड्रॉवरमध्ये टाकणार आणि येत्या नोव्हेंबरात पुन्हा ते पॅड.

म्हणून मी एक लबाडी केली. फक्त त्यांच्या फोनमधल्या गेममध्ये क्रेट जरा जड करून टाकले, म्हणजे सहज उडणार नाहीत. दिसायला काही फरक नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ते पार झाले. आईनं पेढे आणवले आणि म्हणाली, "चला, सुटलात एकदाचे! आठवी पास!" वडील इतके मनमोकळे हसले की मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. संध्याकाळी त्यांनी हात उघडून-मिटून पाहिला, दोनतीनदा. ते मी पाहिलं, आणि तेव्हाही खरं सांगितलं नाही.

चार दिवसांनी ऑफिसातून आले तर ते माझी वाट बघत बसले होते. "इकडे ये. बघ." त्यांनी आठवी लेव्हल लावली. दुसऱ्या गतिरोधकावर अंगठा मुद्दाम उशिरा उचलला. टेम्पो उडाला, आपटला, क्रेट जागच्या जागी.

"मी तीच चूक केली," ते म्हणाले, "आणि पडलं नाही. पाच वेळा केली. पाचही वेळा नाही. गेज घासलंस?"

मी आधी नाही म्हटलं. मग हो म्हटलं. "तुमच्यासाठीच केलं, बाबा. तुम्ही सोडून द्याल असं वाटलं."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माल बसत नाही म्हणून गेज घासायचं नसतं. मला वाटलं, हात सुधारला. चार दिवस मला वाटत होतं, हात सुधारला. आता कळत नाही, तो हात होता की तू."

आयुष्यात मला इतकी लाज क्वचित वाटली आहे. त्यांच्या हाताबद्दल खरं सांगणारी घरात एकच वस्तू होती, आणि मी तिलाही खोटं बोलायला लावलं होतं. आम्ही सगळे 'छान, छान' म्हणत होतो, डॉक्टर 'प्रगती आहे' म्हणत होते. तो टेम्पो तेवढा क्रेट पाडत होता.

मी त्याच संध्याकाळी क्रेट पूर्ववत केले आणि तसं त्यांना सांगितलं. आठ दिवस त्यांनी फोनला हात लावला नाही. नवव्या दिवशी ड्रॉवर उघडण्याचा आवाज आला. चेंडू बाहेर निघाला होता.

नोव्हेंबरपर्यंत आठवी सुटली नव्हती. बँकेत त्यांनी सही केली, पण रेषा भरकटली. त्याच बाई होत्या. त्या म्हणाल्या, "राहू द्या काका, चालेल एवढं."

"कसं चालेल? जुळत नाही," वडील म्हणाले. "पॅड द्या." आणि आपण होऊन अंगठा उमटवला.

आमचा गेम बाजारात आला तेव्हा आठवी लेव्हल सोपी करा म्हणून ढीगभर लोकांनी लिहिलं. ऑफिसात वाद झाला, मी अडून बसले. लोक चिडू देत, फक्त चूक कुणाची ते त्यांना स्वच्छ दिसलं पाहिजे, एवढंच मी म्हणत होते. तो गेम मोठा झाला असं मी म्हणणार नाही, बऱ्यापैकी चालला. वडिलांनी आठवी पार केली ती पुढच्या उन्हाळ्यात. ह्या वेळी पेढे आणवले नाहीत. त्यांनी आधी चूक करून पाहिली, क्रेट पडला. मग नीट खेळले, तेव्हा कुठे फोन माझ्यापुढे धरला.

त्या नोव्हेंबरात काउंटरवर नवा तरुण होता आणि मागे मोठी रांग. वडिलांनी सही केली. सावकाश, पण त्यांचीच, शेवटच्या फटकाऱ्यासकट. त्या तरुणानं कागदाकडे न बघता शिक्का उचलला.

"अहो, थांबा," वडील म्हणाले. "आधी जुळवून बघा."

"आजोबा, रांग आहे मागे."

"असू दे. जुनी सही काढा आणि जुळवून बघा."

त्यानं वैतागून संगणकावर जुनी सही काढली. कागद पडद्याशेजारी धरला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. वडील काउंटरची कड धरून उभे होते आणि मला त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता.

"जुळते," तो म्हणाला.

"आता मारा शिक्का," वडील म्हणाले.