डेंग्यूच्या किट्स आणि बाविसावा महिना

“मॅडम, वो चेक हटा दीजिए. माल अंदर आने दीजिए,” भदौरियाजी माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले. ते आमचे सेल्स मॅनेजर. एका हॉस्पिटलला संध्याकाळपर्यंत डेंग्यू तपासणीच्या किट्स हव्या होत्या. त्या गोदामात येऊन पडल्या होत्या, पण तारखांच्या चेकमध्ये अडकल्यामुळे सिस्टिम त्या जमा करून घेत नव्हती.

ग्वाल्हेरात नया बाजारमध्ये आमचं ऑफिस आहे. आम्ही लॅबना तपासणीचं सामान पुरवतो. माल निघाला की व्हेंडरच्या कॉम्प्युटरवरून आमच्याकडे थेट एक फाइल येते. कोणता माल, किती, एक्स्पायरी कधीची. ती तपासून घेणं माझं काम. त्या दिवशी काही ओळींवर ‘इनव्हॅलिड डेट’ आलं. एका ओळीत महिना होता बावीस.

व्हेंडरला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, “बाकी सगळ्या पार्ट्यांकडे फाइल नीट जाते. तुमच्याकडेच अडते.”

“बाकीचे तारीख तपासत नसतील,” मी म्हटलं.

बाविसावा महिना म्हणजे दिवस आणि महिना यांची अदलाबदल. अडलेल्या ओळी हाताने सुधारून मोकळं होता आलं असतं. पण मग मनात आलं, ज्या ओळी पास झाल्या त्यांचं काय? दिवस बारापर्यंतचा असेल तर तो महिना म्हणून सहज खपतो. सिस्टिमला शंकाही येत नाही.

मी गोदामात गेले. ऑगस्ट संपत आला होता. पास झालेल्या एका खोक्यावर एक्स्पायरी छापली होती १२ सप्टेंबर. सिस्टिममध्ये तीच झाली होती ९ डिसेंबर. १२ सप्टेंबरनंतरही त्या मुदत संपलेल्या किट्स आम्ही चांगल्या म्हणून विकत राहिलो असतो. कुणाच्या तरी तापाचा रिपोर्ट चुकला असता.

परत येऊन मी सगळीच फाइल रिजेक्ट केली. भदौरियाजी तडकले. “अब हॉस्पिटल को क्या बोलूँ?”

“किट्स आज ही जाएँगी. लेबल पढ़कर. आप भी चलिए.”

ते कुरकुरत आले. हॉस्पिटलच्या ऑर्डरचं एकेक खोकं आम्ही पाहिलं. ते तारीख वाचायचे, मी ती मालासोबतच्या चलनावर हाताने लिहायची. संध्याकाळी गाडी निघाली.

व्हेंडरला मी खोक्याचा फोटो आणि त्यांच्याच फाइलमधली ओळ शेजारी-शेजारी लावून पाठवली. मग वाद झाला नाही. त्यांच्या नव्या सॉफ्टवेअरने तारखा उलट्या केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुरुस्त फाइल आली.

अडलेली ओळ निदान सांगते तरी, की आपण चुकलो आहोत. गुपचूप पुढे सरकलेली ओळ काहीच सांगत नाही. म्हणून आता फाइलमधली एक तारीख चुकली तरी मी पूर्ण फाइल परत पाठवते. व्हेंडर लोकांना मी फारशी आवडत नाही.