नाव न विचारता ठेवलेला पाहुणा

इतकी वर्षं झाली, तरी ती घटना मी विसरलेलो नाही.

ऐंशीच्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. उन्हाळ्यात वाघ पाहायला बाहेरची माणसं यायची. एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच गावातल्या लॉजचा मालक ठाण्यात आला.

"साहेब, जंगलाच्या नाक्याजवळची ते बाई बिनपरवाना लोक उतरवून राह्यली. एक म्हातारा तर कधीचा मुक्कामी आहे. नाव सांगत नाई. शिकाऱ्यायचा माणूस असन."

खबरीमागे धंद्याची चुरस होती, हे उघड होतं. पण शिकारीचे प्रकार तेव्हा घडत होते. हवालदाराला घेऊन मी निघालो.

बाई विधवा होती. मागच्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवून, त्यांना रांधून घालून घर चालवायची.

"बाई, पैसे घेऊन प्रवासी उतरवायचे तर घराची नोंदणी लागते. पाहुण्यांची नावं-पत्ते लिहून ठाण्याला कळवावे लागतात. यांचं नाव काय?" दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहत मी विचारलं.

"मले काय मालूम, साहेब? थकलेला माणूस दारात आला. नाव पुसाले जीव नाई झाला."

म्हाताऱ्याला बाजेवर बसवून मी विचारपूस सुरू केली. ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत, मुलाकडे राहतो, म्हणाला. मुलगा कोणत्या पाळीत असतो, विचारलं तर खाली पाहू लागला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची नजर आधी जमिनीकडे जाते. हा शिकारी नव्हता, पण लपत होता. मी आवाज चढवला, तशी बाई मध्ये पडली.

"त्याले दम नका देऊ, साहेब. आला तवा पायात चप्पलबी नव्हती. मीच बाजारातून आणून देल्ली."

तिथे मला आंध्रच्या सीमेवरल्या सिरोंच्याहून आलेला बिनतारी संदेश आठवला. निवृत्त शिक्षक बेपत्ता, चपला गोदावरीच्या काठावर सापडल्या, नदीत शोध सुरू.

"गुरुजी," मी हळूच म्हणालो, "तुमचा मुलगा तुम्हाला नदीत शोधतोय."

म्हातारा हादरला. "नदीत? भांडण झालं म्हणून काठावर जाऊन बसलो होतो. ट्रक दिसला, रागात तसाच अनवाणी चढलो. त्याला वाटलं, मी..."

दुसऱ्या दिवशी मुलगा एसटीने आला. बापाला पाहताच अंगणातच मटकन बसला. गुरुजी तेलुगूत काहीतरी पुटपुटले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

"आता मले जेलात टाकता का?" बाईने विचारलं.

मी तिला रीतसर समज दिली आणि अर्ज लिहायला हवालदाराला तिच्यासोबत तहसीलला पाठवलं. नोंदणी झाली, खोल्या चालू राहिल्या.

लॉजिंगचा तो नियम गुन्हेगार पकडण्यासाठी आहे, असंच आम्हाला शिकवलं होतं. त्यानंतर नव्या शिपायांना मी सांगत असे, मुक्कामी माणसाचं नाव जरूर विचारा, पण मायेनं विचारा. कुठेतरी कुणीतरी त्याच नावाने हाका मारत असेल.