आडनाव न विचारणारी खोली

माझा धाकटा भाऊ दारू पितो. 'प्यायचा' असं लिहिता आलं असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते.

तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, फाउंड्रीत कामाला. आधी पगाराच्या दिवशी प्यायचा, मग शिफ्ट सुटल्यावर, मग शिफ्टला जायच्या आधी. आम्ही करायचं ते सगळं केलं. जोतिबाला नेऊन शपथ घातली. कुणीतरी दिलेली पूड भावजयीनं आमटीत कालवून घातली. त्यामुळं त्याला आठवडाभर जुलाब झाले आणि दारू होती तिथंच राहिली. शेवटी माझ्या सासरच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानदारानं आवाज खाली घेऊन मला सांगितलं, की इथंच कोल्हापुरात एका शाळेच्या खोलीत दर रविवारी दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं जमतात. पैसे घेत नाहीत आणि आडनाव विचारत नाहीत.

मला यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटलं, कारण भाऊ नेमका तिथंच अडला होता. त्याच्या मुलीला स्थळं येत होती. बाप पितो हे कळलं तर पोरीला कोण उंबऱ्यात घेईल, म्हणायचा, आणि त्या काळजीनं आणखी प्यायचा. साऱ्या गावाला ठाऊक होतं, तो भाग वेगळा.

आडनाव विचारत नाहीत म्हटल्यावर तो तयार झाला. आला तो तोंडाला मास्क लावून आणि टोपी कपाळावर ओढून, दरोडा घालायला निघाल्यासारखा. स्टँडवर उतरल्यापासून मला बजावत होता, "अक्का, गावाचं नाव काढू नगंस. कागलकडचं म्हणायचं बी न्हाय."

"मी मुकी होते, मग तर झालं?" मी म्हटलं.

खोलीत पोरांचे बुटके बाक होते, फळ्यावर बेरजा होत्या. थोराड माणसं त्या बाकांत गुडघे मुडपून बसली होती. घरची माणसं आली असतील त्यांना मागं जागा. एकेकजण उठायचा, नुसतं पहिलं नाव सांगायचा आणि बोलायचा. मला वाटलं होतं रडारड असेल. पण ते दुधाच्या दराबद्दल बोलावं तसं बोलत होते, बायकोचे सोन्याचे डाग कसे विकले, पोरानं बोलणं कसं टाकलं. ऐकता ऐकता भावानं मास्क काढला. थोड्या वेळानं टोपीही काढली. शेवटी उभा राहिला आणि म्हणाला, "मला बी थांबवाय येईना."

एवढंच. पण घरात हे वाक्य त्यानं कधी तोंडातून काढलं नव्हतं. मला त्याच्याकडं बघवेना. त्या संध्याकाळी मला खरंच वाटलं, सुटलो आपण.

मग चहा आला. एक म्हातारे गृहस्थ, कितीतरी वर्षं थेंबाला न शिवलेले, स्वतः कप घेऊन त्याच्याजवळ आले. पाठीवर हात ठेवला. आणि आपल्याकडं माणूस मायेनं जे विचारतो तेच त्यांनी विचारलं.

"पावणं, कुठलं म्हणायचं?"

वाटभर मला बजावत आलेला माझा भाऊ. पण वडीलधाऱ्या माणसानं हातात चहा देऊन गाव विचारलं, तर न सांगणं आम्हाला जमतच नाही. त्यानं गाव सांगितलं. मग कुठली आळी ते सांगितलं, मग कुणाच्यातलं ते. म्हाताऱ्यांचा चेहरा खुलला.

"म्हंजे बुधवारी आमचा भाचा तुमच्यातच येणार हाय की, पोरगी बघाय."

म्हाताऱ्यांनी जीभ चावली, पण उशिरा. हात जोडून म्हणाले, "इथलं इथंच ऱ्हातंय, पावणं. मी तुमास्नी बघितलंच न्हाय." भावानं अर्धा कप बाकावर ठेवला आणि टोपी घातली.

त्यानंतर तो गेला नाही. मी विनवण्या केल्या, भांडले, एका रविवारी तर गाडी करून त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. "लगीन हुंदे, मग बघू," म्हणायचा. प्यायला आता नवीनच कारण सापडलं होतं, म्हातारा बोलंल म्हणून.

म्हातारा बोलला नाही. सोयरीक तिथंच जमली. लग्नादिवशी भाऊ सकाळीच पिऊन आला होता. लपवायचं ते सगळ्या मांडवानं बघितलं. व्याह्यांच्या ओळखी चालल्या होत्या, तेव्हा म्हातारे पुढं आले आणि जन्मात पहिल्यांदा बघत असल्यासारखे, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नमस्कार पावणं. कुठलं म्हणायचं?"

भावानं जड जिभेनं पुन्हा सगळं सांगितलं, गाव, आळी, कुणाच्यातलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, दंडाला धरून त्याला खुर्चीत बसवलं आणि जाता जाता मला हळूच म्हणाले, "बैठक चालू हाय. त्याच खोलीत."

पोरगी नांदायला गेली. मी भावाकडं गेले आणि म्हटलं, आता चल, आता कुणाला भ्यायचं राहिलंय?

तो चिडला नाही. म्हणाला, "आता तर ते सोयरं झालं की, अक्का. पोरीच्या सासरच्या माणसाम्होरं उभा राहून कसं सांगू, थांबवाय येईना म्हणून?"

मी त्याला समजवायला गेले होते. पण वाईट याचं वाटतं, की मलाही ते पटलं.