खिचडीच्या मावशी आणि माझा तक्ता

खिचडी वाढताना मावशी पातेल्यात कधी बघत नसत. बघत पोराच्या तोंडाकडे, आणि डाव बरोबर तेवढाच भरून येई. युसूफ वडगावच्या पुढे आमची जिल्हा परिषदेची शाळा. तिथे पोषण आहार शिजवणाऱ्या या मावशींचा मला मनापासून हेवा वाटे. सुट्टी संपवून आलेली पोरं आधी किचनशेडकडे पळत. मी व्हरांड्यात कडक इस्त्रीत उभा. मला वळसा घालून पळत.

म्हणून बीडला लक्ष न लागणाऱ्या मुलांविषयी दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. आता पोरं ओळखणारा मी असणार होतो! येताना तपासणीचा तक्ता आणला आणि आठवड्याभरात वर्गात सात रोगी शोधले. तक्ता स्वतःला लावला असता तर आठवा मीच निघालो असतो. ‘यावरून निदान करायचं नसतं’ असंही तिथे सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी चहाच्या रांगेत होतो.

सातांत सगळ्यात पक्की तिसरीतली सारिका. गणित अर्धं टाकून दर पाच मिनिटांनी खिडकीशी जायची. मी सगळ्या रकान्यांत खुणा केल्या आणि तिच्या वडिलांना बोलावलं. त्यांची ऊसतोडीची टोळी दोन दिवसांनी निघणार होती. सारिका आणि तिचा धाकटा भाऊ यंदा पहिल्यांदाच गावात आजीजवळ राहणार होते.

“हिच्या मेंदूत दोष आहे,” मी ठणकावलं.

“मग शाळंत ठिवून काय उपेग, गुरुजी?” वडील म्हणाले. “नेतो संगं. सैपाकाला तरी हुईल.”

हे मावशींच्या कानावर गेलं. पातेलं घासता घासता त्यांनी विचारलं, “पोरगी खिडकीतून काय बघती?”

“बाहेर.”

“बाहीर काय, गुरुजी?”

मी पाहिलंच नव्हतं. खिडकीसमोर अंगणवाडी होती आणि तिच्या दारात सारिकाचा भाऊ.

“मागल्या साली फडात ते ट्रॅक्टरच्या चाकामागं गेलतं. हिनंच वढून काढलं. तवापासून नजरंआड करत न्हाई. ध्यान लई हाय तिचं. तुमच्यावर न्हाई, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी मावशींनी अंगणवाडीताईंना विचारून भावाला उचललं आणि सारिकाच्या शेजारी आणून बसवलं. पोरगी तासभर हलली नाही. सगळी गणितं बरोबर. मला आनंद व्हायला हवा होता, झाली जळजळ.

“ट्रॅक्टर उद्या निघतोय,” मावशी म्हणाल्या. “तुमी लिवलंय, तुमीच पुसून या.”

सकाळीच गेलो. ट्रॉलीत सारिकाचं गाठोडं चढलं होतं. माझं चुकलं, पोरगी हुशार आहे, असं सांगितलं.

“परवा एक, आज दुसरंच,” वडील म्हणाले. “मावशी काय म्हनत्यात?”

“ठेवा म्हणतात.”

“मग कशापायी नेऊ?” त्यांनी गाठोडं खाली घेतलं. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मावशी आता अंबाजोगाईला लेकीकडे असतात. वर्गात कुणी चुळबुळ करू लागलं की मी त्यांना फोन लावतो. “त्याच्या घरचं कोन कुठं हाय?” एवढंच विचारतात. मला बहुधा माहीत नसतं. मग जाऊन विचारून येतो. एकदोघांना खरंच डॉक्टरांकडे पाठवावं लागलं. बाकीचे तक्ते कोरे आहेत.

सारिका आता सातवीत आहे. परवा माझा फोन घेऊन मावशींशी अर्धा तास बोलली. माझ्याविषयी काय म्हणाल्या, असं मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तुमचा विषयच निघाला न्हाई, गुरुजी.”