मामांचं फाटक आणि माझा हॉर्न

डहाणूला चिकूचा टेम्पो मी वीस वर्षं चालवतोय, आणि त्यातली निम्मी तरी फाटकावरच्या मामांच्या भरवशावर. मामा कैनाडचे, रेल्वेत गेटमन. बाजारात ट्रक भरायची आणि फाटक लागायची वेळ नेमकी एकच. मी लांबूनच दोनदा हॉर्न वाजवायचो. तो ऐकला की मामा हँडल फिरवायचं थांबवायचे, मी खालून सटकायचो, मग ते फाटक पूर्ण लावायचे. परतताना त्यांच्या केबिनच्या खिडकीत मी ओंजळभर पिकले चिकू ठेवायचो. यात काही चुकतंय असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. मला तर रुबाबच वाटायचा. बाकीचे रांगेत आणि मी पलीकडे.

एका दुपारी नेहमीसारखा हॉर्न दिला आणि वर न बघता टेम्पो घातला. मामा रजेवर होते. ड्युटीवर नव्या बाई होत्या, त्यांना माझ्या हॉर्नचं काय कौतुक? फाटकाचा दांडा क्रेटांवर आदळून मोडला, चिकू रुळांवर पसरले. फाटक पूर्ण लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, म्हणून गाडी लांबच उभी राहिली. नाहीतर आज हे लिहायला मी नसतो. बाई लाल झेंडी धरून उभ्या होत्या आणि मी निर्लज्जासारखा त्यांच्यावरच ओरडत होतो.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "फाटक खाली येताना दिसलं नाही?"

"दिसलं," मी म्हणालो. "पण मामा माझ्यासाठी थांबवतात ना."

खोटं काहीच बोललो नाही. पण खऱ्याची चाड होती म्हणून नव्हे, स्वतःची मान सोडवायला बोललो. मी दंडावर सुटलो. मामांच्या निवृत्तीला काही महिनेच उरले होते. इतकी वर्षं डाग नसलेल्या नोकरीत त्यांच्या नावावर शेरा पडला, त्यांना फाटकावरून हलवलं. निरोपसमारंभाला ते गेलेच नाहीत म्हणे.

परवा कासाच्या बाजारात भेटले. मी वाकून पाया पडलो.

"आता थांबतोस ना फाटकावर?" त्यांनी विचारलं.

"थांबतो मामा. इंजिन बंद करून थांबतो."

त्यांनी मान हलवली. टेम्पोतून मी चिकूंची पिशवी काढून पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला.

"चिकू नको," ते म्हणाले. "मी खात नाही आता."