ताटातला गूळ

सोनं गाळायला या तमिळ गावात आलेल्या आम्हा मराठी घरांना आज नर्सबाईंनी मधुमेहातलं खाणं समजवायला दवाखान्यात बोलावलं आणि टेबलावर ताट मांडलं. इडली नाही, आपली भाकरी, पिठलं, गुळाचा खडा. परमुलखात कुणीतरी आपलं जेवण विचारून घेतलं, म्हणून ऊर भरून आला. मग त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, मधुमेहात गूळही साखरेइतकाच वाईट.

शेजारच्या काकू हसल्या, "काहीतरीच बाई, गूळ औषधी असतो."

मीही तेच धरून चाललो होतो. आईला मधुमेह निघाला तेव्हा दवाखान्यातून दिलेल्या तमिळ कागदावर पांढऱ्या साखरेच्या चित्रावर फुली होती, गुळाचं नावच नव्हतं. सातवीत शाळा सोडलेला मी, चित्र बघून साखर बंद केली आणि तिच्या चहासाठी गावाहून गुळाची ढेप मागवत राहिलो.

नर्सबाईंना हात जोडले. आई शेवटपर्यंत म्हणायची, "माझ्यासाठी किती करतोस रे."